नवी सर्व्हर ऑपरेटिंग सिस्टीम कामाला लावण्याआधी तिची पारख कशी करावी

नवी सर्व्हर ऑपरेटिंग सिस्टीम बसवायला अर्धा तास पुरतो. ती धंद्याच्या कामाला लावायची की नाही हे ठरवायला मात्र सहा आठवडे हाताशी ठेवा. एवढे कशाला? त्या काळात निदान एकदा महिनाअखेर यायला हवी, कारण हिशेब, पगार आणि मोठे अहवाल यांचा भार तेव्हाच पडतो. शिवाय निदान एकदा, जमल्यास दोनदा, पॅच (कंपनीने पाठवलेल्या दुरुस्त्या) बसवून सर्व्हर रीबूट करून पाहता यायला हवा. मायक्रोसॉफ्टचे पॅच दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, त्यामुळे सहा आठवड्यांत एक फेरी नक्की मिळते आणि बऱ्याचदा दोन.

खाली दिलेली पद्धत विंडोज सर्व्हर आणि लिनक्स दोन्हींना लागू पडते. फरक आहे तिथे तो वेगळा सांगितला आहे.

नकाराच्या अटी आधी लिहा

पहिली सीडी किंवा आयएसओ फाईल हातात घेण्याआधी एक कागद घ्या आणि कोणत्या कारणाने ही सिस्टीम नाकारायची ते लिहा. प्रत्येक अटीपुढे आकडा किंवा तारीख हवी. उदाहरणार्थ: बॅकअपमधून अख्खा सर्व्हर ४ तासांत उभा राहिला नाही तर नको. रात्री एकगठ्ठा चालणारे बॅच काम आजच्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त लांबले तर नको. पुढची ५ वर्षे सुरक्षा पॅच मिळण्याची लेखी खात्री नसेल तर नको. हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या कंपनीने या आवृत्तीला सपोर्ट देत असल्याचे लेखी कळवले नाही तर नको.

हे आधीच लिहायचे, कारण दोन आठवडे खपून सगळे उभे केले की मन आपोआप होकाराकडे झुकते. मग रिस्टोअरला सहा तास लागले तरी ‘चालेल की’ असे वाटू लागते.

गुणांचा तक्ता बनवायची पद्धत बरीच प्रचलित आहे: सुरक्षेला २० गुण, वेगाला १५, किमतीला २५ आणि शेवटी बेरीज. दोन चांगल्या पर्यायांतून एक निवडायला हा तक्ता ठीक. पण तो नकाराच्या अटींनंतर येतो. शंभरात नव्वद गुण मिळवलेल्या सिस्टीमला तुमचे रेड कार्डच (RAID, अनेक डिस्क एकत्र चालवणारे कार्ड) दिसत नसेल, तर त्या नव्वदाचे काय करायचे?

जुन्या सर्व्हरवर नेमके काय चालते

ही यादी बहुतेक ठिकाणी अर्धवट असते. सर्व्हर पाच-सहा वर्षे चालला की त्याच्यावर कोणकोण विसंबून आहे हे कुणालाच पूर्ण ठाऊक नसते. म्हणून आठवणीवर जाऊ नका, यंत्रालाच विचारा. दोन आठवडे दर दहा मिनिटांनी उघड्या जोडण्यांची नोंद घ्या; लिनक्सवर एसएस कमांड, विंडोजवर नेटस्टॅट. कोणत्या आयपीवरून कोणत्या पोर्टवर कोण येते ते त्यातून कळते. जे आयपी ओळखीचे नाहीत त्यांच्यापर्यंत चालत जा. बहुधा तिथे एखादा स्कॅनर, हजेरीचे यंत्र, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर किंवा कुणीतरी कपाटावर ठेवलेला जुना पीसी निघतो.

यादीत हेही घ्या: सर्व वापरकर्त्यांची क्रॉन किंवा टास्क शेड्युलरमधली (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) कामे, सर्टिफिकेट आणि त्यांच्या मुदती, ज्या खात्यांच्या नावाने सेवा चालतात ती खाती, शेअर केलेले फोल्डर व त्यांचे हक्क, यूएसबीला लावलेले लायसन्सचे डोंगल (ज्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही ती किल्ली). डोंगलचे ड्रायव्हर नव्या आवृत्तीसाठी निघालेच नाहीत असे वारंवार होते, आणि सर्व्हर व्हर्च्युअल मशीनमध्ये (एका यंत्राच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेल्या दुसऱ्या यंत्रात) न्यायचा असेल तर डोंगल तिथे दिसतो का हा वेगळाच प्रश्न उभा राहतो.

कागदावरच गाळा: आयुष्य, लायसन्स, सपोर्ट

बसवण्याआधी अर्धे पर्याय कागदावर बाद व्हायला हवेत.

आयुष्य: विंडोज सर्व्हरच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला साधारण ५ वर्षे मुख्य आणि पुढे ५ वर्षे वाढीव सपोर्ट असतो. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या मोठ्या आवृत्तीला १० वर्षे. उबुंटूच्या एलटीएसला (दीर्घ सपोर्टची आवृत्ती) ५ वर्षे, उबुंटू प्रो घेतल्यास १०. डेबियनला साधारण ३ वर्षे आणि त्यावर एलटीएसची २. हे आकडे आवृत्ती निघाल्यापासूनचे असतात, तुम्ही बसवल्यापासूनचे नव्हे. दोन वर्षे जुनी डेबियन आज बसवली तर पूर्ण सपोर्टचे एकच वर्ष उरते.

जाहीर केलेली तारीखही बदलू शकते. रेड हॅटवरून बनलेली मोफत लिनक्स सेंटओएस ८ हे त्याचे ढळढळीत उदाहरण. २०२९ पर्यंत पॅच मिळतील असे धरून लोकांनी ती बसवली, आणि ८ डिसेंबर २०२० ला जाहीर झाले की ३१ डिसेंबर २०२१ ला ती संपणार. ज्यांनी दुसरीकडे जाण्याची वाट आधी आखली होती त्यांचे काही दिवसांत भागले. म्हणून सिस्टीम निवडताना ‘उद्या हिचा सपोर्ट अचानक थांबला तर कुठे जाणार’ याचे उत्तरही एका ओळीत लिहून ठेवा.

सपोर्टबाबत एक बारीक अक्षरातली गोष्ट आहे. सॉफ्टवेअरची कंपनी ‘रेड हॅट ९ वर चालते’ म्हणते, तेव्हा अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्स या रेड हॅटशी जुळणाऱ्या मोफत सिस्टीम त्यात धरलेले असतातच असे नाही. चालेल बहुतेक, पण बिघाड झाल्यावर ‘आधी रेड हॅटवर हाच दोष दाखवा’ असे उत्तर येऊ शकते. अल्मालिनक्सने तर २०२३ पासून रेड हॅटची तंतोतंत प्रतिकृती असण्याचे धोरण सोडून एबीआय जुळण्यावर (रेड हॅटसाठी बनलेले प्रोग्रॅम तसेच चालण्यावर) भर ठेवला आहे. तेव्हा लिनक्सच्या नेमक्या वितरणाचे नाव आणि आवृत्ती लिहून ईमेलने विचारा, आणि उत्तर फाईलला लावा. फोनवरचा होकार इथे धरू नका.

लायसन्सचा हिशेब विंडोजमध्ये चुकतो तो कोअरमुळे, म्हणजे प्रोसेसरमधल्या गणन-केंद्रांमुळे. प्रत्येक प्रोसेसरला किमान ८ आणि प्रत्येक सर्व्हरला किमान १६ कोअरचे लायसन्स घ्यावेच लागते, प्रत्यक्ष कोअर कमी असले तरी. १२ कोअरचे दोन प्रोसेसर असतील तर २४ कोअर. स्टँडर्ड आवृत्तीत सगळे कोअर एकदा भरले की २ व्हर्च्युअल मशीन चालवता येतात. चार हव्या असतील तर तेच २४ कोअर पुन्हा भरायचे. डेटासेंटर आवृत्तीला ही मर्यादा नाही, त्यामुळे व्हर्च्युअल मशीन किती होणार याचा अंदाज आधी बांधा, मगच आवृत्ती ठरवा. वापरकर्त्यांच्या सीएएलही (सर्व्हर वापरण्याचे माणशी किंवा यंत्रामागे लायसन्स) विसरू नका: जुन्या आवृत्तीच्या सीएएल नव्या सर्व्हरला चालत नाहीत, आणि अंदाजपत्रकात नेमकी हीच ओळ राहून जाते.

विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती १८० दिवस चालते. मुदत संपली की सर्व्हर तासातासाला स्वतःहून बंद होऊ लागतो, म्हणून चाचणीच्या यंत्रावर कुणी हळूच खरे काम सुरू करणार नाही याची दक्षता घ्या. चाचणी आवृत्ती पुढे कायम करायचा विचार असेल तर दोन बंधने ध्यानात असू द्या: डोमेन कंट्रोलर (नेटवर्कमधली लॉगिन तपासणारा सर्व्हर) असलेल्या यंत्रावर थेट रूपांतर होत नाही, आणि चाचणीची डेटासेंटर आवृत्ती स्टँडर्डमध्ये बदलता येत नाही.

हार्डवेअर: व्हर्च्युअल मशीनवर सगळे गोड दिसते

पहिली ओळख व्हर्च्युअल मशीनवर करून घ्यायला हरकत नाही. पण प्रत्यक्ष लोखंडावर, म्हणजे खऱ्या यंत्रावर, बसवायचे असेल तर चाचणीही त्याच मॉडेलच्या लोखंडावर करा. व्हर्च्युअल मशीनला डिस्क आणि नेटवर्क कार्ड नेहमी ओळखीचेच दिसते. खऱ्या यंत्रावर इन्स्टॉलर ‘डिस्क सापडली नाही’ म्हणून अडून बसतो तो वेगळ्याच कारणाने: नव्या आवृत्तीत जुन्या कार्डांचा पाठिंबा काढलेला असतो. रेड हॅट ८ मध्ये जुन्या एसएएस आणि रेड कार्डांची मोठी यादी अशीच गळली. ड्रायव्हरचे नाव तेच राहिले, पण त्यातून जुन्या कार्डांचे ओळख-क्रमांक काढले गेले. त्यामुळे ‘ड्रायव्हर तर आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. तुमच्या कार्डाचा पीसीआय क्रमांक काढून काढलेल्या हार्डवेअरच्या यादीत शोधा.

प्रोसेसरचेही तसेच. मे २०२५ मध्ये आलेल्या रेड हॅट १० ला एक्स८६-६४-व्ही३ पातळीचा प्रोसेसर लागतो. इंटेलमध्ये ही पातळी हॅसवेल पिढीपासून आली. प्रोसेसरच्या वैशिष्ट्यांत एव्हीएक्स२ दिसत नसेल तर ती सिस्टीम तिथे चालणारच नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये आणखी एक फसवा प्रकार होतो: खालचा प्रोसेसर नवा असतो, पण व्हर्च्युअल मशीनला दाखवलेले प्रोसेसर मॉडेल जुने ठेवलेले असते आणि सिस्टीम सुरूच होत नाही. अशा वेळी हार्डवेअर बदलायची गरज नाही, सेटिंग बदलले की भागते. विंडोज सर्व्हर २०२५ ला एसएसई४.२ आणि पॉपसीएनटी हवे. गेल्या दहा वर्षांतल्या सर्व्हरवर ती अडचण येत नाही.

सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त सही केलेला कोड चालू देणारी सोय) सुरू ठेवूनच चाचणी करा. बॅकअपचे किंवा अँटिव्हायरसचे कर्नेल मॉड्यूल सही केलेले नसेल तर ते सिक्युअर बूटखाली लोड होत नाही, आणि एजंट ‘चालू आहे’ असे दाखवत राहतो.

चाचणीचे यंत्र: खरा डेटा, तुटलेले नेटवर्क

दहा ओळींच्या नमुना डेटाबेसवर सगळेच पळते. चाचणीला खऱ्या डेटाची पूर्ण प्रत घ्या, फक्त लोकांची नावे, फोन आणि बँक खाती बदलून टाका; लांबी आणि अक्षरे मूळ डेटासारखीच ठेवा, म्हणजे इंडेक्सचा (डेटाबेसच्या शोधसूचीचा) आकार बदलणार नाही.

प्रत सुरू करण्याआधी बाहेरचे दरवाजे बंद करा. पूर्ण प्रत म्हणजे तिच्यात क्रॉनची कामे, ईमेलची रांग आणि बँकेकडे फाईल पाठवणारी स्क्रिप्टसुद्धा आली. ती जागी झाली की ग्राहकांना दुसऱ्यांदा बिले जातात. वेगळे व्हीलॅन (नेटवर्कचा अलग केलेला भाग) घ्या, त्यातून बाहेर जाणारे सगळे फायरवॉलवर अडवा, आणि मग एकेक गरज पाहून उघडा. यातून एक फायदाही होतो: अडवलेल्या जोडण्यांची नोंद म्हणजे तुमच्या अर्धवट यादीची पुरवणी.

सिस्टीम हाताने एकदा बसवा, पण दुसऱ्यांदा स्क्रिप्टने: किकस्टार्ट, ऑटोइन्स्टॉल, अनअटेंड फाईल, अन्सिबल, जे तुमच्याकडे असेल ते. स्क्रिप्टने बसत नसेल तर रात्री दोनला ती पुन्हा बसवायची वेळ आल्यावर हाताने काय काय केले होते ते आठवत बसावे लागेल.

जिथे खरोखर मोडते

नवी आवृत्ती सहसा स्वतः मोडत नाही. तिच्याशी बोलणारी जुनी उपकरणे आणि जुने प्रोग्रॅम मोडतात, आणि चूक दिसते भलत्याच जागी. खालच्या गोष्टी नावानिशी तपासा.

एनक्रिप्शन. ओपनएसएसएल ३ (एनक्रिप्शनची लायब्ररी) असलेल्या सिस्टीमवर टीएलएस या सुरक्षित जोडणीच्या जुन्या आवृत्त्या १.० आणि १.१ मूळ सेटिंगमध्ये चालत नाहीत. पीएफएक्स प्रकारच्या जुन्या सर्टिफिकेट फाईल पासवर्ड बरोबर असूनही उघडत नाहीत, कारण त्या आरसी२ या जुन्या एनक्रिप्शनने बांधलेल्या असतात आणि ती पद्धत आता ‘लेगसी’ गटात गेली आहे. उपाय म्हणून फाईल जुन्या यंत्रावर उघडून नव्या पद्धतीने पुन्हा बांधा. अख्ख्या सर्व्हरवर लेगसी पद्धत सुरू करून ठेवू नका. ओपनएसएसएच (दुरून लॉगिन व फाईल पाठवण्याचे साधन) ८.८ पासून एसएचए-१ ही जुनी पद्धत वापरणाऱ्या आरएसए सह्या बंद आहेत. बाहेरच्या कंपनीचा जुना एसएफटीपी क्लायंट ‘की नाकारली’ म्हणून परत फिरतो तो यामुळे. बहुतेक वेळा तीच की चालते, क्लायंट मात्र नवा लागतो.

फाईल शेअरिंग. विंडोज सर्व्हर २०२५ स्वतः जेव्हा दुसऱ्या यंत्राच्या शेअरवर जातो तेव्हा एसएमबी (विंडोजची फाईल शेअरिंगची पद्धत) सही मागतो. जुने नॅस (नेटवर्कवरची साठवण-पेटी) ती देऊ शकत नसेल तर रात्रीचा बॅकअप तिथे पोहोचत नाही. पाहुणा खात्याने उघडणाऱ्या शेअरचेही हेच होते, कारण पाहुण्याला सही करता येत नाही. एनटीएलएमव्ही१ ही ओळख पटवण्याची जुनी पद्धत विंडोज सर्व्हर २०२५ मधून काढून टाकली आहे. स्कॅनर अजून एसएमबी१ वरच असेल तर त्याला एफटीपीएस किंवा ईमेलवर वळवा. एका स्कॅनरसाठी सर्व्हरवर एसएमबी१ उघडणे परवडणारे नाही.

मेमरीची मर्यादा. रेड हॅट ९, डेबियन ११ आणि उबुंटू २२.०४ पासून प्रोग्रॅमना मेमरी वाटून देणारी सीग्रुप व्ही२ हीच मूळ पद्धत आहे. जुन्या जावाला ती कळत नाही. समजा यंत्रात ६४ जीबी मेमरी आहे आणि कंटेनरला (प्रोग्रॅमच्या वेगळ्या कप्प्याला) २ जीबीची मर्यादा घातली आहे. मर्यादा न दिसल्याने जावा ६४ जीबीच्या हिशेबाने चालते आणि स्वतःसाठी पाव भाग, म्हणजे १६ जीबीपर्यंत हीप (कामाची मेमरी) धरते. वापर २ जीबीच्या वर गेला की कर्नेल प्रोसेस मारून टाकते. ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये काहीच उरत नाही, ते नुसते ‘अधूनमधून बंद पडते’. जावा ८ असेल तर ८यू३७२, जावा ११ असेल तर ११.०.१६ किंवा त्यापुढची घ्या.

क्रमवारी. हे सगळ्यात चोरपावलांनी येते, म्हणून थोडे सविस्तर. लिनक्सवर पोस्टग्रेस हा डेटाबेस अक्षरांचा क्रम बहुधा जीलिबसी या सिस्टीमच्या मूळ लायब्ररीकडून घेतो, आणि जीलिबसी २.२८ मध्ये तो क्रम मोठ्या प्रमाणावर बदलला. डेबियन ९ वरून १० ला, उबुंटू १८.०४ वरून २०.०४ ला, रेड हॅट ७ वरून ८ ला किंवा त्यापुढे जाणारे सगळे या बदलातून जातात. स्वतः पाहायचे असेल तर इंग्रजी आकड्यांत दोन ओळींची फाईल बनवा: पहिल्या ओळीत १-१, दुसऱ्या ओळीत ११. अमेरिकन इंग्रजी यूटीएफ-८ लोकेल (भाषेचे सेटिंग) ठेवून ती सॉर्ट कमांडला द्या. जुन्या यंत्रावर ११ आधी येते, नव्यावर १-१ आधी येते.

आता डेटाबेसची डिरेक्टरी जशीच्या तशी नव्या यंत्रावर नेली, किंवा स्ट्रीमिंग रेप्लिकेशनने (चालू डेटाबेसची सतत प्रत पाठवून) नेली, की इंडेक्स जुन्या क्रमाने लावलेला राहतो आणि शोध नव्या क्रमाने होतो. ओळ टेबलात असते, पण इंडेक्समधून सापडत नाही. ‘सापडली नाही’ म्हणून ॲप्लिकेशन तीच नोंद पुन्हा घालते, आणि युनिक इंडेक्स असूनही दुबार नोंद तयार होते. एरर येत नाही. आठवड्यांनी कुणाच्या तरी हिशेबात दोन सारखे ग्राहक निघतात. यावर उपाय दोन: डम्प (डेटाची मजकुरात काढलेली प्रत) घेऊन नव्या यंत्रावर रिस्टोअर करा, त्यात इंडेक्स नव्यानेच बनतात, नाहीतर नेल्यानंतर, कुणालाही आत सोडण्याआधी, मजकुराच्या स्तंभांवरचे सगळे इंडेक्स रीइंडेक्स करा, म्हणजे नव्याने बनवा. ॲमचेक एक्स्टेन्शनने बिघडलेले इंडेक्स शोधता येतात. पोस्टग्रेस १५ पासून डेटाबेसच्या कोलेशनची (अक्षरक्रमाची) आवृत्ती जुळली नाही तर इशारा मिळतो. तो आला तर नुसती आवृत्ती ताजी करून गप्प बसवू नका, आधी रीइंडेक्स.

बाकी पायथन: उबुंटू २४.०४ आणि डेबियन १२ वर पिप या साधनाने थेट सिस्टीममध्ये पॅकेज टाकता येत नाही, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट लागते. जुन्या डिप्लॉय स्क्रिप्ट तिथे थांबतात. हे लगेच दिसते, म्हणून त्याची फारशी काळजी नको.

मोजमाप

तुलना करायची तर जुन्या सर्व्हरचे आकडे आधी हवेत. महिनाअखेरीसकट निदान चार आठवड्यांचे सीपीयू, मेमरी, डिस्कची प्रतीक्षा आणि नेटवर्क यांचे आकडे साठवा. लिनक्सवर सार (sar) या साधनाने, विंडोजवर परफॉर्मन्स मॉनिटरने.

मग दोन्ही सिस्टीम एकाच प्रकारच्या यंत्रावर चालवा आणि वीजबचतीची सेटिंग सारखी करा. विंडोज सर्व्हर मूळ ‘बॅलन्स्ड’ योजनेवर असतो, रेड हॅट प्रत्यक्ष यंत्रावर ट्यून्डची थ्रूपुट-परफॉर्मन्स योजना लावते. हे न पाहता काढलेला फरक ऑपरेटिंग सिस्टीमचा नसतो, वीजबचतीचा असतो.

डिस्कसाठी लिनक्सवर एफआयओ, विंडोजवर डिस्कएसपीडी. ब्लॉक ४ केबी, ७० टक्के वाचन व ३० टक्के लेखन, डायरेक्ट मोड चालू, रांगेची खोली (एका वेळी डिस्ककडे पाठवलेल्या मागण्या) ३२, वेळ ५ मिनिटे. चाचणीची फाईल यंत्राच्या मेमरीच्या दुप्पट घ्या, नाहीतर कॅशेचाच वेग मोजला जाईल. चार वेळा चालवा, पहिली फेरी सोडून द्या. त्यानंतर खोली १ ठेवून पुन्हा एकदा, कारण डेटाबेसचे लॉग-लेखन बरेचसे तसे चालते आणि ३२ खोलीचे भपकेदार आकडे तिथे कामाचे नसतात.

सरासरीवर निर्णय घेऊ नका, ९९ वे शतमान पाहा, म्हणजे शंभरातल्या ९९ मागण्या किती वेळात पुऱ्या होतात तो आकडा. समजा सरासरी ०.८ मिलीसेकंद आहे आणि ९९ वे शतमान ४० मिलीसेकंद. एक पान उघडायला डेटाबेसच्या ५० चौकश्या होत असतील, तर जवळजवळ ४० टक्के पानांत निदान एक चौकशी त्या ४० मिलीसेकंदांत अडकेल. ‘सिस्टीम हळू झाली’ ही तक्रार यातूनच जन्मते.

पण हे सगळे बेंचमार्क दुय्यम. खरा आकडा तुमच्याच कामाचा: रात्रीचे बॅच किती वाजता संपते, महिन्याचा अहवाल किती मिनिटांत निघतो, ४० जण एकदम लॉगिन झाले तर शेवटच्याला किती वेळ लागतो. हे घड्याळ लावून दोन्हीकडे मोजा.

मुद्दाम बिघाड करा

चाचणीचे यंत्र आहे, त्याला जपायचे कारण नाही. डेटाबेसवर लेखनाचा भार चालू असताना वीज काढा. असे पाच वेळा करा आणि प्रत्येक वेळी सर्व्हर कुणी हात न लावता सेवांसकट परत येतो का, किती मिनिटांत, आणि शेवटची कमिट झालेली नोंद जागेवर आहे का ते लिहा.

डेटाची एक डिस्क काढून सुरू करा. लिनक्समध्ये डिस्कांची यादी असलेल्या एफएसटॅब फाईलच्या त्या ओळीत ‘नोफेल’ नसेल तर सेवा सुरू करणारा सिस्टमडी ९० सेकंद वाट पाहून आपत्कालीन मोडमध्ये थांबतो, आणि नेटवर्क सुरू न झाल्याने दुरून लॉगिनही होत नाही. म्हणजे एका दुय्यम डिस्कपायी अख्खा सर्व्हर बंद. तेव्हा आयलो, आयड्रॅक किंवा तत्सम दूर-नियंत्रणातून कन्सोल उघडतो का हेही आताच पाहा.

लॉगचे विभाजन काठोकाठ भरा. कोणती सेवा आधी गुदमरते, मॉनिटरिंगचा इशारा त्याआधी येतो की नंतर, आणि जागा मोकळी केल्यावर सेवा स्वतः उठते की उठवावी लागते?

एखादे पीसीआय कार्ड घाला किंवा काढा आणि रीबूट करा. नेटवर्क कार्डांची नावे जागेवरून ठरत असतील तर ती सरकतात, आणि फायरवॉलचे नियम भलत्या कार्डाला लागतात. नावे मॅक पत्त्याला (कार्डाच्या कायम क्रमांकाला) बांधून टाका.

परतीची वाट

सगळ्यात कमी तपासली जाणारी आणि सगळ्यात महाग पडणारी गोष्ट हीच. ‘नाही जमले तर जुन्यावर परत जाऊ’ असे सगळे म्हणतात, पण नव्या सिस्टीमने डेटाला हात लावल्यावर जुनीला तो वाचता येतोच असे नाही.

रेड हॅट ९ वर मूळ सेटिंगने बनवलेली एक्सएफएस फाईल सिस्टीम रेड हॅट ८ च्या कर्नेलला माउंट करता येत नाही. आरईएफएस या मायक्रोसॉफ्टच्या फाईल सिस्टीमचा व्हॉल्यूम नव्या विंडोज सर्व्हरला लावला की त्याची आवृत्ती आपोआप चढते आणि जुना सर्व्हर तो उघडत नाही. हे कुणालाही न विचारता होते. झेडएफएस ही फाईल सिस्टीम निदान विचारते, पण झेडपूल अपग्रेड एकदा केले की मागे येता येत नाही. म्हणून पहिले काही आठवडे पूल जुन्याच पातळीवर चालवा. ॲक्टिव्ह डिरेक्टरीची (विंडोजच्या खात्यांच्या मध्यवर्ती यादीची) फंक्शनल पातळीही शेवटचा जुना डोमेन कंट्रोलर निवृत्त झाल्यानंतर काही आठवडे तशीच राहू द्या. तिच्या वाढीची घाई करण्यासारखे काही नसते.

जागेवरच अपग्रेड करण्याऐवजी शेजारी नवे यंत्र उभे करून डेटा तिकडे न्या. जुने यंत्र बंद करून ठेवता येते, आणि परत जायला एक डीएनएस नोंद (सर्व्हरच्या नावापुढचा पत्ता) बदलणे पुरते. त्यासाठी बदलाच्या दोन दिवस आधी त्या नोंदीचा टीटीएल (इतर यंत्रे जुना पत्ता लक्षात ठेवतात तो वेळ) ३०० सेकंदांवर आणा. एक प्रश्न मात्र उरतोच: नव्या यंत्रावर तीन दिवस काम झाल्यावर परत जायचे ठरले, तर त्या तीन दिवसांच्या नोंदी जुन्यावर कशा न्यायच्या? याचे उत्तर चाचणीत प्रत्यक्ष करून पाहा. डम्प उलट दिशेने चालतो का, जुन्या डेटाबेसची आवृत्ती तो घेते का, किती वेळ लागतो. ज्या दिवसानंतर परत जाणे शक्य नाही, ती तारीख योजनेत ठळक लिहा आणि त्या तारखेला होकार देणाऱ्या माणसाचे नाव तिथे असू द्या.

बॅकअपचा रिस्टोअर रिकाम्या यंत्रावर करा, ज्यावर काहीच नाही अशा. बॅकअप सॉफ्टवेअरची बूट करायची सीडी जुनी असेल तर तिला नवी फाईल सिस्टीम वाचता येत नाही, आणि हे नेमके आपत्तीच्या दिवशी कळते. हे काम ज्याने सर्व्हर बसवला त्याने करू नये. दुसऱ्याच्या हाती लेखी सूचना द्या आणि घड्याळ लावा. तो जिथे अडेल ती सूचना अपुरी आहे.

खऱ्या कामावर, थोड्यापासून

पहिली खेप अशा सेवेची काढा जी बंद पडली तर दिवसभर अडचण होईल, पण पैसे अडकणार नाहीत: अंतर्गत विकी, प्रिंट सर्व्हर, मॉनिटरिंग. तिच्यावर एक पॅच-फेरी जाऊ द्या. मग फाईल सर्व्हर, मग ॲप्लिकेशन, शेवटी डेटाबेस. महिनाअखेरीच्या आधीच्या आठवड्यात काहीही हलवू नका.

उबुंटू एका एलटीएसवरून पुढच्या एलटीएसवर जाण्याची सूचना पहिली पॉइंट आवृत्ती, म्हणजे ‘.१’, आल्यावरच दाखवते. हा धडा इतर सिस्टीमलाही लावा: आवृत्ती निघाल्यावर चाचणी लगेच सुरू करा, खरे काम मात्र पहिल्या दुरुस्ती-संचानंतर. विंडोजवर या काळात पॅच लावणाऱ्या साधनाचे नियम तपासून घ्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये काही ठिकाणी २०१९ आणि २०२२ चे सर्व्हर रातोरात २०२५ वर चढले होते, कारण बाहेरच्या पॅच-साधनांनी आवृत्तीबदल हा साधा पॅच समजून मंजूर केला. आवृत्तीबदल आपोआप मंजूर होणार नाही, असा नियम चाचणी सुरू होण्याआधीच घाला.

निर्णयाच्या दिवशी पहिला कागद काढा आणि प्रत्येक अटीपुढे मोजलेला आकडा लिहा. ४ तासांची अट होती आणि रिस्टोअरला ५ तास १० मिनिटे लागली, तर तसेच लिहा, मग वेळ का लागला ते शोधा. बऱ्याचदा कारण नेटवर्कचा जुना स्विच किंवा बॅकअपची मंद डिस्क निघते आणि ते दुरुस्त करून अट पुन्हा तपासता येते. कागद, सॉफ्टवेअर कंपन्यांची उत्तरे, बेंचमार्कचे कच्चे आकडे आणि बसवण्याच्या स्क्रिप्ट एकाच फोल्डरमध्ये ठेवा, आणि त्याची एक प्रत या सर्व्हरच्या बाहेर.